दहा महिने निसर्गमंडळासोबत: माळ, नाथसागर आणि आईच्या भोरड्या

मागच्या जूनअखेरीस छत्रपती संभाजीनगरातल्या एका निसर्गमंडळाची सभासद झाले. वर्षाची वर्गणी 500 रुपये. महिन्यातून दोन रविवारी पहाटेची फेरी आणि शेवटच्या शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये वन्यजीवांवर व्याख्यान. लांबच्या फेरीला गाडीभाडं सगळ्यांत वाटून घेतात. आता एप्रिल संपत आलाय. वीसपैकी चौदा फेऱ्या मी केल्या, सात व्याख्यानं ऐकली. ऑफिसातल्या दोघी-तिघी सारख्या विचारतात, "जाण्यासारखं आहे का?" म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मी नाराज होते, हे आधी सांगून टाकते. पहिलीच फेरी सातारा डोंगराच्या पायथ्याच्या माळावर होती. दगड, तरवड, रुई, चार हिवराची झाडं, बस्स. दुसरी फेरी पुन्हा तिथंच! फेऱ्या घेणारे मामा वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेत. लहानथोर सगळेच त्यांना मामा म्हणतात. मी त्यांना विचारलं, दर वेळी इथंच का? ते म्हणाले, "ताई, पाच वेळा या, मग बोलू."

आता त्याच माळावर माझ्या सहा फेऱ्या झाल्यात. जुलैत चंडोल गात गात सरळ वर चढायचा आणि पंख मिटून खाली यायचा. ऑगस्टमध्ये मामांनी रुईच्या पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दाखवली. तिचं फुलपाखरू म्हणजे बिबळ्या कडवा. रुईच्या चिकातलं विष अळीच्या अंगात मुरतं, फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. कडवा हे नाव त्याला किती चपखल आहे! डिसेंबरात कुसळी गवत पिवळं पडलं तेव्हा भोवत्या आला. हा शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतो आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवरच झोपतो. त्या रानाला सातबाऱ्यावर आपण पोटखराबा म्हणतो, बोलताना पडीक म्हणतो. तिथं नांगर फिरला किंवा प्लॉटिंगचे दगड रोवले, की त्याची निजायची जागाच गेली. हे कळल्यापासून पडीक हा शब्द माझ्या तोंडी येईनासा झालाय.

व्याख्यानांचा दर्जा सारखा नाही. दोन तर पूर्ण इंग्रजी स्लाइडवर होती, मागच्या रांगेतली पोरं पेंगली होती. पण सापांवरच्या एका व्याख्यानासाठी मी वर्गणी दुप्पट दिली असती. माझा भाऊ गंगापूर तालुक्यात शेती करतो. मोटारीला लाइट रात्रीची मिळते, त्यामुळे ऐन थंडीत रात्री दोनला उठून पाणी धरायला जातो, तेही चपलेवर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा पुष्कळदा दुखत नाही, सुजतही नाही. त्यामुळे जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतच नाही. या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, म्हणून साप ओळखायला त्याच्या मागं पळू नका, मारून बाटलीत घालून दवाखान्यात नेऊ नका. चावलेल्या जागी चिरा देऊ नका, दोरीनं करकचून आवळू नका, चावलेला हातपाय हलू देऊ नका आणि मांत्रिकाकडं न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा. आमच्या गावात अजूनही आधी देवळात नेतात. घरी येऊन त्याच रात्री भावाला फोन केला. त्यानं गमबूट आणि चांगली बॅटरी घेतली, आणि आता गोठ्यातली धामण मारत नाही, कारण ती उंदरांवर जगते हे त्याला पटलंय.

गौताळा अभयारण्याची फेरी कन्नडमार्गे केली. 2021 साली यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला होता, त्यामुळे गाडीत सगळ्यांच्या तोंडी वाघच होता. आम्हाला दिसले बिबट्याचे माग. मांजराच्या जातीचं जनावर चालताना नखं आत ओढतं, म्हणून मातीत नखं उठत नाहीत. कुत्र्याची, तरसाची उठतात. अंजनाची झाडं मी पहिल्यांदा नाव माहीत असताना पाहिली. पण दिवस फार घाईत गेला. ज्यांना फक्त लांबच्या सहलीसाठी सभासद व्हायचंय, त्यांनी होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नाथसागराबद्दल, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाबद्दल, मात्र मला थांबून लिहायचंय. माझ्या आईचं माहेर त्याच्या पाण्याखाली गेलं. धरण 1976 साली पूर्ण झालं, त्याच्या आधीच गाव उठलं होतं. आई तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. पैठणला नाथांच्या दर्शनाला आम्ही कितीदा गेलो, पण धरणाकडं ती पाठ करूनच बसायची. नोव्हेंबरात पक्षी सप्ताह असतो, 5 ते 12 तारखेपर्यंत, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या फेरीला मी एकटीच गेले. इतके पक्षी इथंच का, ते तेव्हा समजलं. जलाशय पसरट आणि उथळ आहे. पाणी थोडं उतरलं तरी मैलभर चिखल उघडा पडतो. रोहित पक्षी मान उलटी करून त्यातूनच अन्न गाळून खातात. मागं सरकणाऱ्या पाण्यामागं शेतकरी गाळपेर करतात, गहू-हरभरा पेरतात, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस तिथं चरायला उतरतात. शेतकऱ्याचं यात नुकसान होतं. मामा ते लपवत नाहीत, गाळपेरवाल्यांशी आधी बोलूनच बांधावर पाऊल टाकतात.

जानेवारीच्या फेरीला आईला आग्रहानं नेलं. ती गाडीतच बसून राहिली. सूर्य वर आला तसा शाळूच्या एका वावरावरून पक्ष्यांचा मोठा थवा उठला, वळला, पुन्हा खाली बसला. कुणीतरी ॲप उघडून इंग्रजी नाव शोधायला लागलं. तेवढ्यात आई खाली उतरली. "भोरड्या हायेत त्या. ह्यांच्यापायी आमचं बालपण माळ्यावर गेलं."

मग तिनं सांगायला सुरुवात केली. वावरात उंच माळा घालायचा, दिवस उगवायच्या आत त्यावर चढायचं, गोफण फिरवायची, डबा बडवायचा. हुरड्यावर आलेल्या कणसांवर त्या कशा पडतात, कोणत्या झाडावर रात्री गोळा होतात, आणि पळस फुलला की ज्वारी सोडून फुलांवर कशा जातात. मामांनी वही काढली. ते म्हणाले, "म्हणून तर हिला पळसमैनाही म्हणतात, मावशी." ही भोरडी मध्य आशियातून येते आणि तिकडं टोळांवर, नाकतोड्यांवर जगते, हे त्यांनी आईला सांगितलं. आईला ते खरं वाटेना. आपल्या ज्वारीची वैरीण दुसऱ्याच्या शिवारात राखण करते म्हणजे काय! फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी मंडळानं तिलाच बोलायला उभं केलं. पंचवीस मिनिटं बोलली. या मंडळाचा मला सगळ्यात मोठा गुण वाटतो तो हा, की तिथं दुर्बीण नसलेल्या माणसाचं ऐकतात.

आता उणिवा. थंडीत एका फेरीला पंचेचाळीस माणसं आली होती. मागच्या पंधरा जणांना काही ऐकू येत नव्हतं. वीसच्या वर नोंदणी घेऊ नये, हे मी लेखी दिलंय, अजून उत्तर नाही. बायकांच्या सोयीचा विचार लांबच्या फेरीत आधी होत नाही, ऐनवेळी पेट्रोल पंप शोधावा लागतो. दुर्बिणी सहाच आहेत. काही जणांचं सगळं लक्ष यादीतल्या आकड्यावर असतं. याच महिन्यात माळावर माळटिटवीची अंडी दिसली, खड्यांमध्ये चार ठिपकेदार खडे ठेवावेत तशी. दोघे कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसले. उन्हात पक्षीण अंड्यांवरून उठली, तर अंडी भाजून निघतात. मामांनी आवाज न चढवता सगळ्यांनाच तिथून मागं फिरवलं आणि त्या दिवशीची फेरी तिथंच संपवली. मला ते फार आवडलं.

जाणार असाल तर पावसाळ्यात सुरुवात करा, मळकट रंगाचे कपडे घाला, दोन बाटल्या पाणी घ्या आणि किमान चार महिने तरी सोडू नका.

परवा आईनं विचारलं, "गेल्या का गं भोरड्या?" गेल्या म्हटलं, आता ऑगस्ट-सप्टेंबरात येतील. या वर्षीची वर्गणी दोघींची भरलीय.