नॉस्लर पार्टिशन १८० ग्रेन, थर्टी-ऑट-सिक्स: एल्कसाठी घ्यावी का?

कोलोरॅडोत यंदा पहिल्यांदा एल्कच्या (तिकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो, गोळी कुठली घेऊ. माझं उत्तर सरळ आहे, रायफल थर्टी-ऑट-सिक्स (.30-06, एक प्रचलित काडतूस) असेल तर फेडरल प्रीमियमचं नॉस्लर पार्टिशन गोळीचं काडतूस, १८० ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), आणि का ते सांगतो.

ही गोळी काही नवीन नाही. जॉन नॉस्लरने १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहून मोठ्या हरणावर) गोळ्या झाडल्या, त्या वरच्यावर फुटल्या, आत गेल्याच नाहीत, त्यातून त्याने ही बनवली आणि १९४८ पासून विकायला लागला. आत दोन खण आहेत, मध्ये तांब्याचा पडदा, दोन्हीकडे शिसं. पुढचा खण आदळल्यावर फुलतो, मागचा पडद्यामुळे शाबूत राहतो आणि आत घुसत जातो. मला एकदा एल्क सोलताना पलीकडच्या कातड्याखाली बोटाला लागली ही, पुढचं शिसं सगळं गेलेलं, तांब्याच्या पाकळ्या मागे वळून बुडाला चिकटलेल्या, पण बूड जसंच्या तसं. मध्ये एक बरगडी फोडून आली होती. त्या दिवसापासून माझा विश्वास बसला.

आता हे का लागतं, तर एल्क म्हणजे साध्या हरणासारखं हलकं जनावर नाही, मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो, फऱ्याचं हाड जाड, आणि पोट ओल्या गवताने गच्च भरलेलं असतं, त्यात भल्याभल्या गोळ्या अडकतात. कोलोरॅडोच्या नियमात किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) आणि ८५ ग्रेनची फुलणारी गोळी चालते, पण नियमात बसणं वेगळं आणि तिरक्या उभ्या नराच्या छातीपर्यंत पोचणं वेगळं. मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) पाहिजेच असं दुकानात सांगतात, तसं काही नाहीये, धक्क्याच्या भीतीने ट्रिगर दाबताना डोळे मिटत असतील तर त्या मॅग्नमचा उपयोग शून्य.

आणि गोळी कितीही चांगली असली तरी वर्मी लागली नाही तर जनावर हाल होऊन मरतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची मागची कड धरून वर जायचं आणि छातीच्या खालून एक-तृतीयांश उंचीवर नेम, तिथे हृदयाचा वरचा भाग आणि दोन्ही फुफ्फुसं येतात. नवखा माणूस धडाच्या मध्यावर नेम धरतो, आणि गोळी आतड्यात जाते. तोंड पलीकडे करून तिरकं उभं असेल तर अलीकडची बाजू विसरायची, पलीकडचा पुढचा पाय कुठे आहे ते बघायचं आणि त्या रेषेत मारायचं, इथे पार्टिशनचा खरा उपयोग होतो. पाठमोरं असेल तर बोट ट्रिगरवर न्यायचंच नाही, थांबायचं. बार लागला तरी एल्क बऱ्याचदा काहीच दाखवत नाही, तसाच उभा राहतो, म्हणून लगेच दुसरं काडतूस भरा आणि उभा असेपर्यंत परत मारा. पळाला तर अर्धा तास तरी बसून राहा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुसं, हिरवट आणि वास येणारं असेल तर कित्येक तास माग काढायला जाऊ नका, नाहीतर तो उठून अजून लांब जाईल.

तक्रारी पण आहेत. महाग आहे, साध्या गोळीच्या पेटीपेक्षा खूपच जास्त पैसे जातात. टोक शिशाचं, मॅगझिनमध्ये आपटून चेपतं. लांबच्या नेमासाठी नव्या टोकदार गोळ्या सरस, हिला २०० यार्डांवर झिरो केलं (म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच लागेल अशी दुर्बीण बसवली) तर ३०० ला साधारण ८ इंच आणि ४०० ला २ फूट खाली पडते, त्यामुळे मी स्वतः ३०० च्या पुढे मारत नाही. आणि पुढचं शिसं मांसात बारीक तुकड्यांनी पसरतं, जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, घरात लहान मुलं खाणार असतील तर बार्न्सची पूर्ण तांब्याची टीटीएसएक्स घ्या, कॅलिफोर्नियात तर २०१९ पासून शिसं चालतच नाही.

घेणार असाल तर एकाच लॉटच्या (एका खेपेत बनलेल्या) दोन-तीन पेट्या एकदम घ्या, आणि झिरो ह्याच काडतुसाने करा, स्वस्तातल्या दुसऱ्या गोळीने करून सीझनला ही भरू नका, नेम हलतो.