टेक्सासात दुकान घेताय? लॉटरी काउंटरवरून विकायची, यंत्रातून की थेट गल्ल्यातून

आयटीतली नोकरी सोडून टेक्सासात गॅस स्टेशन किंवा कोपऱ्यावरचं दुकान घ्यायला निघालेली मराठी माणसं हल्ली बरीच भेटतात. गॅसवरचं मार्जिन, भाडं, कूलरची अवस्था हे सगळं त्यांनी विचारून ठेवलेलं असतं. लॉटरीबद्दल मात्र एकच प्रश्न येतो : "महिन्याला किती खपते?" माझ्या मते त्याच्याही आधी विचारायला हवं की लॉटरी दुकानात कुठून विकली जाणार आणि रात्री तिचा हिशेब कोण जुळवणार.

आज त्याच्या तीन वाटा आहेत. एक म्हणजे काउंटरवर ठेवलेलं लॉटरीचं स्वतंत्र टर्मिनल (तिकीट देणारं यंत्र) आणि शेजारी स्क्रॅच म्हणजे खरवडून तिथेच निकाल कळणाऱ्या तिकिटांचे काचेचे कप्पे. दुसरी, गिऱ्हाईक स्वतःच पैसे घालून तिकीट घेतं ते उभं यंत्र. आणि तिसरी, दूध-ब्रेडसारखं तिकीटही आपल्या नेहमीच्या गल्ल्यावर स्कॅन करून विकायचं. ही तिसरी वाट खुली झाली ती लॉटऱ्या आणि दुकानदार यांनी मिळून ठरवलेल्या तांत्रिक स्टँडर्डमुळे. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं आणि गैरसमजही तिच्याबद्दलच जास्त आहेत.

आधी पैसे कसे फिरतात ते

राज्य सरकारची टेक्सास लॉटरी १९९२ मध्ये सुरू झाली. इथे दुकानदाराला विक्रीवर ५ टक्के कमिशन मिळतं, न्यूयॉर्कमध्ये ६ टक्के. मोठ्या जॅकपॉटचं तिकीट आपल्या दुकानातून गेलं तर वेगळा बोनस असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये पॉवरबॉल या बहुतेक राज्यांत खेळल्या जाणाऱ्या सोडतीचं २.०४ अब्ज डॉलरचं तिकीट विकलेल्या कॅलिफोर्नियातल्या एका पंपाला १० लाख डॉलर मिळाले. पण त्या आशेवर कुणी दुकान घेऊ नये.

आपल्याकडे लॉटरीच्या स्टॉलवाल्याला तिकिटं आधी पैसे मोजून उचलावी लागतात आणि न खपलेली त्याच्या अंगावर पडतात. इथे तसं नाही. स्क्रॅचचा पॅक दुकानात येतो तेव्हा एक पैसाही द्यावा लागत नाही. विक्रीला लावताना तो टर्मिनलवर ॲक्टिव्हेट करायचा. मग ठरावीक दिवस उलटले किंवा त्यातली बरीचशी छोटी बक्षिसं वटली, की पॅक आपोआप 'सेटल' होतो आणि पूर्ण पॅकची रक्कम, कमिशन वजा करून, त्या आठवड्याच्या बिलात लागते. हे पैसे लॉटरी तुमच्या बँक खात्यातून थेट ओढून घेते. खात्यात शिल्लक नसेल तर प्रकरण लॉटरीच्या लायसन्सवर येतं. म्हणजे पॅक सेटल झाला तेव्हा त्यातली सगळी तिकिटं खरंच विकली गेली होती का, याच्याशी लॉटरीला कर्तव्य नसतं. तो हिशेब सर्वस्वी तुमचा.

काउंटरवरचं टर्मिनल

बहुतेक लहान दुकानांत हेच असतं आणि त्याचे फायदे खरे आहेत. टर्मिनल लॉटरीकडून मिळतं. वय आपल्या डोळ्यांसमोर तपासता येतं (टेक्सासात १८ पूर्ण हवं). ५९९ डॉलरपर्यंतचं बक्षीस तिथल्या तिथे देता येतं आणि त्यातला काही पैसा पुन्हा दुकानातच खर्च होतो. रोज सकाळी कॉफी आणि दोन स्क्रॅच घेणारी माणसं काउंटरवरच्या ओळखीमुळे येतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

दुखणं आहे ते स्क्रॅचच्या मोजणीचं. टर्मिनलला माहीत असतं की पॅक चालू झाला. गल्ल्याला माहीत असतं की कुणीतरी 'लॉटरी' हे बटण दाबून २० डॉलर टाकले. मधलं तिकीट दोघांपैकी कुणालाच दिसत नाही. म्हणून प्रत्येक शिफ्टच्या शेवटी एकेका कप्प्यात सगळ्यात पुढे असलेल्या तिकिटाचा नंबर वहीत लिहायचा, सकाळचा नंबर त्यातून वजा करायचा, किमतीने गुणायचं आणि बेरीज गल्ल्याशी जुळते का ते बघायचं. चाळीस कप्पे असतील तर चाळीस वजाबाक्या, त्याही रात्री बारा वाजता आणि दारात शेवटचं गिऱ्हाईक ताटकळत असताना.

माझ्या दुकानाच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. २० डॉलरच्या एका कप्प्यात सकाळचा नंबर १२, रात्री १९. सात तिकिटं गेली होती, गल्ल्यात सहाचेच पैसे होते. कामावरचा मुलगा म्हणाला, "घाईत बटण दाबायचं राहिलं असेल." असेलही. पण पुढच्या पंधरा दिवसांत हे आणखी चार वेळा झालं आणि तेव्हा मी कागद घेऊन बसलो. २० डॉलरच्या पॅकमध्ये २५ तिकिटं, म्हणजे ५०० डॉलरची विक्री आणि २५ डॉलर कमिशन. त्यातलं एक तिकीट गायब झालं तर गल्ल्यात ४८० येतात आणि लॉटरी ४७५ नेते. अख्ख्या पॅकमागे हातात राहतात ५ डॉलर. दोन गेली की तो पॅक विकल्याबद्दल मीच पदरचे १५ भरतो. टेक्सासात २०२२ पासून १०० डॉलरचंही स्क्रॅच तिकीट आहे, त्यातलं एक हरवलं तर काय होतं ते तुम्हीच मांडून बघा.

या एका हिशेबामुळे माझा पुढचा सगळा कल ठरला, हे आधीच सांगून ठेवतो.

उभं यंत्र

यंत्राची मोठी जमेची बाजू म्हणजे ते स्वतः मोजतं. कोणत्या कप्प्यातून किती तिकिटं पडली आणि पेटीत किती पैसे आले, दोन्ही आकडे एकाच ठिकाणी मिळतात. मधे कुणाचा हात नसतो. काउंटरवरची रांगही हलकी होते.

पण ते हवं म्हटलं म्हणून मिळत नाही. लॉटरी विक्री बघून देते, त्यामुळे ही यंत्रं मुख्यतः सुपरमार्केटच्या दाराशी दिसतात. लहान दुकानात त्याने खाल्लेली जागा म्हणजे चिप्सचा एक रॅक. तिकीट अडकलं, नोट गिळली, की गिऱ्हाईक तुमच्यावर ओरडणार. बरीच यंत्रं सुट्टे परत देत नाहीत आणि बक्षीस वटवायला माणूस शेवटी काउंटरवरच येतो. वयाचा प्रश्नही उरतोच : काही राज्यांत गिऱ्हाइकाला ड्रायव्हिंग लायसन्स स्कॅन करावं लागतं, काही ठिकाणी काउंटरवरून रिमोटने यंत्र बंद करता येतं, पण त्यासाठी तुमचं लक्ष सतत तिकडे हवं. एकच माणूस काउंटरवर असलेल्या दुकानात मी यंत्र घेणार नाही.

थेट गल्ल्यातून

अमेरिकेत ४५ राज्यांत लॉटरी आहे आणि लॉटरीची यंत्रणा चालवायला प्रत्येक राज्याने आपापली कंपनी नेमलेली आहे. टेक्सासात ब्राइटस्टार, जी २०२५ पर्यंत आयजीटी या नावाने ओळखली जायची. इतरत्र सायंटिफिक गेम्स किंवा इंट्रालॉट. दुकानातला गल्ला कुणाचा व्हेरिफोनचा, कुणाचा गिलबार्कोचा. या दोन्ही बाजूंची यंत्रं एकमेकांशी बोलतच नव्हती. दहा राज्यांत दुकानं असलेल्या साखळीला तिकीट गल्ल्यावर विकायचं तर दहा वेळा वेगळी जोडणी करून घ्यावी लागली असती. एवढा खर्च कोण करणार? मोठ्या साखळ्यांनी लॉटरी सरळ सर्व्हिस डेस्कवर ढकलली आणि राज्यांनी ते गिऱ्हाईक गमावलं.

दुकानदारांच्या बाजूला असा प्रश्न एकदा सुटला होता. गल्ला आणि मागच्या खोलीतला हिशेबाचा संगणक यांनी माहितीची देवाणघेवाण कोणत्या साच्यात करायची, यासाठी नॅक्स या कन्व्हिनियन्स स्टोअरच्या संघटनेच्या पुढाकाराने 'नॅक्सएमएल' हा साचा तयार झाला. आज ते काम कॉनेक्सस ही संस्था सांभाळते. लॉटरीच्या बाजूने नॅस्पल, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या राज्य आणि प्रांतांच्या लॉटऱ्यांची १९७१ पासूनची संघटना, पुढे आली आणि लॉटऱ्या, यंत्रवाल्या कंपन्या व दुकानदार यांच्यासोबत एक समान एपीआय ठरवला. गल्ल्याने तिकीट कसं मागायचं आणि लॉटरीच्या मध्यवर्ती संगणकाने उत्तर कोणत्या रूपात द्यायचं, हे त्यात बांधून दिलं. गल्ल्याची कंपनी आणि लॉटरीची कंपनी या दोघांनी तो पाळला तर दर राज्याला नव्याने जोडणी करायची गरज उरत नाही.

प्रत्यक्षात हे दोन तऱ्हांनी दिसतं. एका तऱ्हेत पॉवरबॉलचं तयार पाकीट गिफ्ट कार्डासारखं हुकाला लटकलेलं असतं, गल्ल्यावर स्कॅन झाल्याशिवाय ते नुसता कागद असतं. दुसऱ्या तऱ्हेत कॅशियरने स्क्रीनवर खेळ निवडला की तिकीट तिथेच छापून निघतं. दोन्हीत विक्री आपल्याच पावतीवर येते आणि 'लॉटरी' हे आंधळं बटण दाबायची वेळ येत नाही.

जॅकपॉट अब्जावर गेला की काउंटरवरच्या एकुलत्या टर्मिनलसमोर रांग लागते आणि दूध घ्यायला आलेला माणूस हातातलं दूध ठेवून निघून जातो. चार गल्ले असतील आणि चारही तिकीट देत असतील तर हे होत नाही. मोठ्या दुकानाला यापेक्षा वेगळं कारण लागत नाही.

कार्डाचा हिशेब मात्र नीट बघा. पॉवरबॉलचं तिकीट २ डॉलरचं, त्यावर कमिशन १० सेंट. मोठ्या बँकेच्या डेबिट कार्डावर फेडरल रिझर्व्हने घालून दिलेली फीची मर्यादाच २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के आहे, प्रोसेसरचा वाटा वेगळा. नुसतं तिकीट डेबिटवर विकलं तर ते घाट्यात गेलं. एप्रिल २०२५ पासून ५ डॉलरला झालेल्या मेगा मिलियन्स या दुसऱ्या मोठ्या सोडतीच्या तिकिटावर २५ सेंट सुटतात, तिथेही जेमतेमच. तेच तिकीट ४० डॉलरच्या किराण्याबरोबर एका बिलात गेलं तर ती २१ सेंटची ठरलेली फी तशीही लागणारच होती. गल्ल्यातून विकण्याचा हा फायदा खरा आहे, पण लोक सहसा मोठी खरेदी करतात अशाच दुकानात तो मिळतो. अनेक राज्यांत क्रेडिट कार्डावर लॉटरी विकायला बंदी आहे, तेव्हा त्या एका वस्तूपुरतं क्रेडिट नाकारणं गल्ल्याला जमतं का, हेही विचारून घ्या.

आणि मुख्य गोष्ट अशी की गल्ल्यातून प्रामुख्याने सोडतीची तिकिटं विकली जातात. टेक्सासात धंद्याचा मोठा भाग स्क्रॅचचा आहे. म्हणजे माझ्या दुखण्यावर हे औषध अर्धंच लागू पडतं. स्क्रॅच एकेक करून मोजणारे, गल्ल्याशी जोडलेले कप्पे आता निघाले आहेत (सायंटिफिक गेम्सचं 'साय-क्यू' त्यातलं). तिकीट ओढलं की नोंद, आणि पॅक उघडल्यापासून शेवटच्या तिकिटापर्यंतचा माग. एका गल्ल्याच्या दुकानाला माझ्या मते या मोजणाऱ्या कप्प्यांचा उपयोग जास्त होईल.

मग घ्यायचं काय?

दुकान एक, गल्ला एक, काउंटरवर एक माणूस : टर्मिनल ठेवा आणि पैसा स्क्रॅचच्या मोजणीवर घाला. मोजणारे कप्पे मिळत नसतील तर फोनवर बारकोड स्कॅन करून शिफ्टची वजाबाकी काढून देणारं एखादं ॲप घ्या. मी वही सोडून तसं केलं तेव्हा रात्रीचा पाऊण तास वाचला. तूट पूर्ण थांबली असं म्हणणार नाही, पण कोणत्या शिफ्टमध्ये झाली ते त्याच रात्री कळायला लागलं.

तीन-चार गल्ल्यांचं किराणा दुकान असेल तर थेट गल्ल्यातून विक्रीसाठी लॉटरीच्या प्रतिनिधीच्या मागे लागा आणि दाराशी जागा असेल तर यंत्रही मागा. दोन राज्यांत दुकानं असतील, किंवा पुढे घ्यायचा विचार असेल, तर गल्ला निवडतानाच तो नॅस्पलचा एपीआय आणि नॅक्सएमएल दोन्ही चालवतो का, ते लेखी घ्या. तोंडी 'हो, हो' फार ऐकायला मिळतं.

टेक्सासपुरतं आणखी एक. एप्रिल २०२३ मध्ये एका गटाने 'लोटो टेक्सास'च्या जवळजवळ सगळ्या म्हणजे सुमारे २ कोटी ५८ लाख आकड्यांच्या जोड्या विकत घेऊन साडेनऊ कोटी डॉलरचा जॅकपॉट नेला. त्यावरून उठलेल्या वादानंतर २०२५ मध्ये विधिमंडळाने लॉटरी चालवणारा आयोगच (टेक्सास लॉटरी कमिशन) मोडीत काढला आणि १ सप्टेंबरपासून लॉटरी राज्याच्या लायसन्स खात्याकडे दिली. आता एका व्यवहारात १०० पेक्षा जास्त तिकिटं विकता येत नाहीत. कोणतीही व्यवस्था घ्या, ही मर्यादा ती स्वतः पाळते की तुमच्या कॅशियरच्या लक्षात राहण्यावर सोडते, हे बघून घ्या.

सौदा ठरला की जुन्या मालकाकडून सहा महिन्यांची लॉटरीची साप्ताहिक बिलं आणि त्याच आठवड्यांचे गल्ल्याचे रिपोर्ट मागा आणि शेजारी ठेवून वाचा. दोन्हीत सतत फरक दिसला तर त्या दुकानात तिकिटं गळताहेत. लॉटरीचं लायसन्स दुकानासोबत मिळत नाही, तुम्हाला नवं काढावं लागतं आणि ते हातात येईपर्यंत कप्पे रिकामे राहतात, तेव्हा अर्ज लवकर करा. ताबा घ्यायच्या रात्री उघडलेला प्रत्येक पॅक दोघांनी मिळून मोजा, पुढच्या तिकिटाचा नंबर लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. ते पॅक जुन्या मालकाच्या खात्यावर आहेत आणि त्यांचा हिशेब त्यानेच लॉटरीशी मिटवायचा आहे.