जिम्नीला पुढे रेडियस आर्म की थ्री-लिंक?

कुर्ल्यातला मित्र अडलाय: मारुतीची फोर-बाय-फोर जिम्नी दोन इंच उंच करायची, मग पुढचा अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) धरून ठेवणारे मूळचे दोन रेडियस आर्म ठेवू, की थ्री-लिंक, म्हणजे खाली दोन आणि वर एक अशा तीन लिंक (जोडदांडे), करू? 

रेडियस आर्म अ‍ॅक्सलला दोन बुशांनी (रबरी जोडांनी) जखडलेला असतो. एक चाक दगडावर चढलं की अ‍ॅक्सल पिळला जातो, बुश दबतात, दुसरं चाक लवकर हवेत लटकतं. पण हायवेवर गाडी कमी झुकते आणि खर्च बुशांपुरताच. उचलल्यावर बिघडलेला कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) ऑफसेट, म्हणजे भोक मध्यापासून सरकवलेल्या, बुशांनी निभावतो.

थ्री-लिंक मोकळी फिरते, वरच्या लिंकची लांबी बदलून कास्टरही जुळतो. मात्र ब्रेकचा मोठा ताण त्या एकट्या लिंकवर. ती अडकवायच्या ब्रॅकेटचं वेल्डिंग कच्चं निघालं तर संपलंच. इंजिनाशेजारी जागा काढणं वेगळीच कटकट, वर गाडीत बदल केला म्हणून आरटीओ.

रोज ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि पावसाळ्यात माळशेज असेल तर रेडियस आर्म. ट्रेलरवरून नेऊन फक्त दगडांत खेळवायची गाडी असेल तर थ्री-लिंक.