कृषी केंद्रातले कॅमेरे अन् शटरचा अलार्म: आठ महिन्यांचा वापर

संच असा: २ मेगापिक्सलचे ४ कॅमेरे, डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी), १ टीबी हार्ड डिस्क, शटरला मॅग्नेटिक सेन्सर (शटर उचललं की सायरन लावणारा), सायरन आणि सिमवाला डायलर (आपल्याला फोन लावणारा). एप्रिलमध्ये बसवला, त्यामुळे ऊन, मृगाची गर्दी, पाऊस अन् कापसाचा हंगाम, सगळ्यातून गेला.

सर्वांत कामाचा ठरला तो शटरचा सेन्सर. चोर कुलपाच्या नादी लागत नाही. दोन्ही बाजूंची कुलपं कडा धरून ठेवतात, मधला भाग मोकळा राहतो. तिथंच सब्बल घालून पट्टी वाकवतात. म्हणून मधोमध जमिनीत तिसरं कुलूप घ्या आणि सेन्सरही खालच्या पट्टीवर मधेच लावा. घराच्या दाराला लावतात तो छोटा सेन्सर इथं चालत नाही. फट दीड-दोन सेंटिमीटरवर गेली की तो सुटतो. वावधान आलं, शटर थडथडलं की सायरन. दोन-तीन रात्री खोटा वाजला की शेजारी उठणं सोडतात, मग अलार्म असून नसल्यासारखा. रोलिंग शटरचा जाड, धातूचा सेन्सर घातल्यापासून हा त्रास गेला. सिमचं रिचार्ज संपलं तर सायरन वाजतो पण फोन येत नाही. महिन्यातून एकदा मुद्दाम शटर उचलून पाहाच.

कॅमेऱ्यांचं खरं दुखणं वीज. रात्री मेन पाडून घरी जायची सवय असते, त्यासोबत कॅमेरेही बंद. इन्व्हर्टर असला तर तो चार्जिंगविना रातभर उतरतो आणि सकाळी भारनियमनात हात टेकतो. इन्व्हर्टर आणि डीव्हीआरची लाइन वेगळ्या एमसीबीवर घ्या, ती पाडायचीच नाही. चारही कॅमेऱ्यांसह भार ३०-४० वॅटच्या आसपास असतो.

बसवणारे कॅमेरा दहा-बारा फुटांवर ठोकतात. तिथून टोपी दिसते, चेहरा नाही. दाराचा कॅमेरा सात फुटांवर हवा. दार पश्चिमेला असेल तर डब्ल्यूडीआर (उजेड अन् सावली दोन्ही सांभाळणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू करा, नाहीतर दुपारनंतर माणूस नुसता काळा दिसतो. एप्रिल-मेमध्ये सगळेच तोंडाला दुपट्टा बांधून येतात, तेव्हा बाहेरच्या गाडीचा नंबर टिपणारा कॅमेराच कामी येतो. पावसाळ्यात रात्रीच्या लाल दिव्यांवर किडे जमतात, कोळी जाळं विणतो आणि चित्र पांढरं पडतं. आठवड्याला कोरडा कपडा फिरवा.

प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्रण २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) ठेवलं तर दिवसाला ८६ जीबी लागतात, म्हणजे डिस्क ११ दिवसांत भरून जुनं पुसलं जातं. दुकानातल्या मालाचा मेळ महिनाअखेरीस बसवणाऱ्याला मग पाहायला काही उरत नाही. १ एमबीपीएसवर बावीसेक दिवस मिळतात, चित्र थोडं मऊ होतं. त्याहून बरं म्हणजे बियाण्याची पाकिटं आणि फवारणीच्या औषधांच्या ६० मिलीच्या बाटल्या दर आठवड्याला मोजणं. खताचं पोतं कोणी खिशात नेत नाही, जातात या दोनच गोष्टी. समोर रिकामी खोकी मांडा, माल काउंटरच्या मागे.

डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नका, चोर तोच उपटून नेतात. फुटेज पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र सोबत लागतं. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असेल तर किती मिनिटांनी, ते आधीच लिहून ठेवा.

शस्त्र दाखवून कोणी गल्ला मागितला तर देऊन टाका, पाठलाग करू नका, तो गेल्यावर ११२ लावा. यासाठीच दुपारची रोकड गल्ल्यात साठू द्यायची नाही आणि शटर ओढताना दुकानात एकटं राहायचं नाही.