एस्टोनियाची उडी, स्लोव्हेनियाची बेताची चाल

१९९१ मध्ये एस्टोनिया सोव्हिएत संघातून आणि स्लोव्हेनिया युगोस्लाव्हियातून स्वतंत्र झाला. दोघांनाही समाजवादी अर्थव्यवस्थेतून बाजाराकडे जायचं होतं, पण वाटा पार वेगळ्या निघाल्या.

एस्टोनियाने घाव घातला तो थेट चलनावर. जून १९९२ मध्ये लोक रांगा लावून जुने सोव्हिएत रूबल देत होते. माणशी १,५०० रूबल दिले की हातात १५० क्रून, म्हणजे नवं एस्टोनियन चलन. क्रून जर्मन मार्कला बांधलेला, आठ क्रूनला एक मार्क, त्यामुळे सरकारला मनाला येईल तशा नोटा छापता येईनात. मग बत्तीस वर्षांचे पंतप्रधान मार्ट लार आले. आयातशुल्क जवळपास गेलं, कारखाने परदेशी खरेदीदारांनाही विकले आणि १९९४ पासून सर्वांना सरसकट २६ टक्के प्राप्तिकर. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांचे त्या वर्षांत फार हाल झाले, हे विसरून चालणार नाही.

स्लोव्हेनियाने टोलार हे स्वतःचं चलन आणलं, पण घाई केली नाही. सरकारी कंपन्यांचे शेअर घेता यावेत म्हणून नागरिकांना प्रमाणपत्रं वाटली, बरेच शेअर कामगार-व्यवस्थापकांकडेच राहिले, मोठ्या बँका सरकारकडे. झळ कमी बसली, युरोही २००७ मध्येच आला; एस्टोनियात २०११ला. मात्र त्याच बँकांची बुडीत कर्जं २०१३ मध्ये सरकारी तिजोरीला भरावी लागली.

मला स्लोव्हेनियाची चाल जास्त माणुसकीची वाटते. पण तिथेच १९९२ मध्ये पंचवीस हजारांवर रहिवाशांची नावं कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून गुपचूप खोडली गेली. एस्टोनियातही लाखो रशियनभाषक नागरिकत्वाविना राहिले.