बिल्ला परत मिळाला, पण आमचा नव्हे

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला फसवायचं असेल तर त्याच्याशी पुणेरी मराठीत बोलावं. दिवसभर 'भैया' नि 'भाईसाहब' ऐकणारे आमचे कान तिथेच विरघळतात. मी विरघळले, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या ह्यांना जुन्या वस्तूंचा नाद. संस्थानी नाणी, 'ग्वालियर' असं छापून घेतलेली इंग्रजी राजवटीतली तिकिटं, वर्दीची बटणं. त्यातच घरची एक वस्तू होती, ह्यांच्या पणजोबांचा फौजेतला चांदीचा बिल्ला. ते शिंदे सरकारच्या पलटणीत अधिकारी होते. संस्थानांनी इंग्रज सरकारच्या मदतीसाठी ठेवलेल्या इम्पिरियल सर्व्हिस फौजेत अधिकारी आपलेच असत, गोरे साहेब तपासणीला नि सल्ल्याला. घरात सांगत की पणजोबा 'टांग्याच्या लढाईत' होते. नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, बाड्यावर, इथल्या भर चौकात, टांगेवाल्यांची जुंपली असेल. मग ह्यांनी नकाशा उघडला. टांगा हे पूर्व आफ्रिकेतलं बंदर, आता टांझानियात. नोव्हेंबर 1914 मध्ये जर्मनांनी तिथे इंग्रजांच्या फौजेची दाणादाण उडवली, वर मधमाश्या चवताळल्या त्या वेगळ्याच. त्या मोहिमेत ग्वाल्हेर इन्फन्ट्रीची अर्धी पलटण होती.

बिल्ल्याचं कोडं असं : मध्ये सूर्य, दोन्ही बाजूंना फणा काढलेले नाग, म्हणजे शिंद्यांचं चिन्ह हे उघड, पण खालच्या पट्टीवरची अक्षरं पार घासलेली. नक्की कुठल्या पलटणीचा, ते ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेल्यावर मला वाटलं, निदान एवढं तरी शोधून काढावं.

गणपतीच्या व्याख्यानाला एक गृहस्थ भेटले. चाळिशीचे, स्वतःला लष्करी चिन्हांचे अभ्यासक म्हणवणारे. घरी आले, ह्यांच्या फोटोला हात जोडले, खिचडी दोनदा मागून घेतली. मग खिशातून भिंग काढून बिल्ला उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "काकू, असा दुसरा मी पाहिलेला नाही. ही तुमच्या घराण्याची सनदच आहे." तीन आठवडे तपासणीसाठी नेतो म्हणाले, फी 3,500 रुपये. पावतीचं विचारलं तर हसले, "घरच्या माणसाकडून पावती?" मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना दारात आवाज खाली करून म्हणाले, "शंभर वर्षांवरची वस्तू आहे, कायद्याची भानगड असते. फार कुणाला दाखवत बसू नका."

तीन आठवड्यांनी बिल्ला आला तो लखलखीत. "साफ करून आणलाय," म्हणाले. सोबत लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र : ग्वाल्हेर लान्सर्स, टांगा, 1914, धातू जर्मन सिल्व्हर. चांदीचं काय, म्हटलं तर उत्तर तयार होतं, "वरचा मुलामा होता काकू, तो काळवंडला होता." तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. लान्सर्स म्हणजे घोडदळ, आणि टांग्याला गेली ती पायदळाची तुकडी. ह्यांनी नकाशा दाखवून शिकवलेलं सगळं मी त्या सोनेरी किनारीपुढे विसरले.

सर्वपित्रीला ह्यांच्या फोटोपुढे ठेवावा म्हणून बिल्ला काढला. संध्याकाळी परत डबीत ठेवायला गेले तर तो बसेना. म्हणजे बसे, पण हले. डबीतल्या जांभळ्या मखमलीवर इतक्या वर्षांत बिल्ल्याचा ठसा उमटलेला. नागाच्या फण्यापाशी, पट्टीच्या टोकापाशी मखमल दबून चकचकीत झालेली. नवा बिल्ला त्या ठशाच्या आत पडत होता, कडेनं दबलेल्या मखमलीची बारीक रेघ उघडी. मागच्या कड्यांनी मखमलीला दोन भोकं पडली होती. एक कडी भोकात जाई, दुसरी कापडावरच टेकून राही. मी ती कितीदा फिरवून पाहिली असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सराफ्यातल्या आमच्या सोनाराकडे गेले. त्यानं पुढची बाजू पाहिलीच नाही, सरळ उलटा केला. "काकू, हा ओतीव आहे." जुना बिल्ला ठशानं दाबलेला असतो, पुढे नाग उठलेला तर मागे तिथेच खोलगट. हा मागून सपाट आणि बारीक खड्ड्यांचा, शिळ्या भाकरीसारखा. फण्यावरचे खवलेही एकमेकांत मिसळलेले. अस्सल वस्तूवरून साचा घेऊन ओतलं की धातू थिजताना आक्रसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान निघते. मखमलीशी मोजलं तर जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक भरला. आणि 'साफ करून आणलाय' ह्या तीन शब्दांत त्या गृहस्थांनी रंग, चकाकी, खवले, सगळ्याचा जबाब आधीच देऊन ठेवला होता. खरा संग्राहक असल्या वस्तूला ब्रासो लावू देत नाही, हे मला सोनारानं सांगावं लागलं.

ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाला, "मैडम, सामान तो वापस मिल गया ना?" त्याला समजावता समजावता माझाच गोंधळ झाला. भाचा वकील आहे, त्यानं भारतीय न्याय संहितेचं कलम 318 दाखवून फसवणुकीचा अर्ज लिहून दिला. कायद्याची ती भीतीही त्यानंच उतरवली. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, देशाबाहेर पाठवता येत नाहीत; फोटोसमोर ठेवल्याबद्दल कुणी बायकांना पकडत नाही. मी गप्प राहावं, दुसऱ्या कुणाला दाखवू नये, एवढ्याचसाठी तो बागुलबुवा होता.

गृहस्थांचा फोन बंद आहे. अर्ज पडून आहे. पाठमोऱ्या बाजूचा फोटो मी काढून ठेवलेला नव्हता, पुढच्या बाजूचे मात्र सात आहेत, हळदीकुंकवासह.

एक खूण तेवढी माझ्यापाशी उरली आहे. आमच्या बिल्ल्याची मागची डावी कडी तुटली होती, सासऱ्यांनी ती तांब्याच्या तारेनं सांधून घेतली होती, म्हणून दोन कड्यांचे रंग वेगळे आहेत. चांदीचा, खालची पट्टी घासलेली, एक कडी तांबूस. असा बिल्ला कुणी विकायला आणला तर घेण्याआधी एकदा उलटा करून पाहा.