विणलेला सुती कृत्रिम स्तन: हलका, गार, पण वर सरकणारा

स्तन काढल्यावर सिलिकॉनचा कृत्रिम स्तन लगेच घालता येत नाही; जखम नीट भरायला साधारण 6 ते 8 आठवडे जातात. मधल्या काळासाठी क्रोशाने विणलेला हा सुती प्रकार उत्तमच. वजन नगण्य, मुंबईच्या दमट उकाड्यातही सुसह्य. अर्थात जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी निघाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच घालायचा.

घेताना आधी मागची बाजू बघा. दोऱ्याची गाठ तिथे असेल तर व्रणावर घासते. बोट फिरवून टोचली तर सरळ परत करा. लोकरीचा नकोच, खाज सुटते. मागे नाडीचं तोंड हवं, म्हणजे भरण कमीजास्त करता येतं. बहुधा तो ठासून भरलेला येतो आणि चेंडूसारखा टणक दिसतो. थोडं थोडं भरण काढत जा, कडा पातळ ठेवा, ब्लाउज घालूनच आरशात पाहा.

खरी खोट म्हणजे वजन नसल्याने तो वर सरकतो. ब्राला आतून मऊ सुती कापडाचा खिसा शिवा. तरी हलला तर खालच्या बाजूला भरणात एक गुळगुळीत खडा ठेवा.

भरण काढून कोमट पाण्यात धुवा. पिळू नका.

स्वतः विणणार असाल आणि काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) काढल्या असतील, तर कोपराखाली उशी घ्या, 15-20 मिनिटांनी थांबा. हात जड वाटला किंवा बांगडी घट्ट झाली, म्हणजे हाताला सूज येत असावी, तर सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.